गंजलेल्या गाडीचा पत्रा : घरी काय करावे, काय करू नये

आम्ही पेडगावचे, असे सांगितले की समोरचा माणूस हमखास हसतो आणि ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण ऐकवतो. त्या म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले, असे सांगतात. आमचे पेडगाव परभणीजवळचे, रेल्वेच्या छोट्या स्टेशनाचे. पण गाडीच्या गंजाबाबत आम्ही त्या म्हणीप्रमाणेच वागलो, हे कबूल केले पाहिजे. मडगार्डावरचा फोड वर्षानुवर्षे रोज दिसत होता आणि आम्ही तो न दिसल्यासारखे करीत होतो.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती मुंबईहून जुनी विकत आणली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट या नावाने बनवीत असे. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले आणि २००० च्या सुमारास ती बनणे बंद झाले. आमच्याकडे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले गेले. मानवत, पाथरी, सेलू, जिंतूरच्या बाजारांना कापडाच्या गाठी याच गाडीने गेल्या. घरातली लग्नेही हिने पाहिली आणि वडिलांना शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातही हिनेच नेले. ते गेल्यावर गाडी वाड्यातल्या टिनाच्या शेडखाली उभी राहिली.

एके दिवशी डिकीत चादरींची गाठ टाकली आणि डिकीचा तळच खाली गेला. गाठीचा कोपरा जमिनीला टेकला. धाकट्या भावाने सरळ सांगितले की भंगारवाल्याला बोलवा, वजनावर जाईल. आम्ही दोन महिन्यांची मुदत मागितली. दोन महिन्यांचे दोन हिवाळे झाले, पण गाडी आज चालते आहे. या काळात जे शिकलो, चुकलो आणि परत शिकलो, ते व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे मांडत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी जीप, मॅटॅडोर किंवा ट्रॉली उभी आहे. पत्रा सगळ्यांचा एकच आणि गंजही एकच.

गंज म्हणजे काय

आमचे शिक्षण उर्दूत झाले. उर्दूत गंजाला आणि लढाईला लिहिताना अक्षर वेगळे, पण आमच्या बोलण्यात दोन्ही ‘जंग’च. गाडीशी काम पडल्यावर त्यातले खरेपण कळले.

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाला की गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि फोड दिसतो. तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर चढतो, तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. क्षार मिळाले तर हे काम आणखी वेगाने होते. म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर सडतात.

परभणीत समुद्र नाही, मग गाडी का सडली? आम्ही कारणे शोधली तेव्हा सगळी आमच्याच घरची निघाली. पहिले कारण आपली काळी माती. ती मडगार्डाच्या आतल्या कडांना चिकटते आणि ओल कितीतरी दिवस सोडत नाही. दुसरे, दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी जी बारीक छिद्रे असतात, ती कचऱ्याने बुजली होती. तिसरे कारण सर्वांत मोठे. डिकीतून आम्ही शेतासाठी खताच्या गोण्या आणीत होतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या मिठाचेच भावंड. फाटक्या गोणीतून ते सांडत राहिले आणि डिकीच्या तळाला घरबसल्या समुद्राची हवा मिळाली. ज्यांच्या गाडीतून खत, मीठ किंवा बर्फातली मासळी जाते, त्यांनी खाली जाड प्लास्टिक घालावे आणि आठवड्याला एकदा तळ धुऊन सुकवावा. हा एवढा खर्च आम्ही केला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

आधी पाहणी, मग हातोडी

कापड घेताना आपण थान उलगडून उजेडापुढे धरतो, तशी गाडी पाहावी. तीन वस्तू पुरतात: बॅटरी, पेचकस आणि फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक. चुंबक पत्र्यावर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक दाबून पाहावे. भोक पडले तर वाईट वाटून घेऊ नये, ते आधीपासूनच होते.

पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: हेडलाइटच्या मागे मडगार्डाची आतली बाजू, दारांची खालची कड, पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालची पट्टी, बॅटरीचे बूड, पायाखालच्या गालिच्याखालचा तळ, डिकीचा तळ, आणि दाराखालची ती पोकळ पट्टी जिच्यावरून पाय टाकून आपण आत बसतो.

गंजाच्या तीन पायऱ्या आहेत. वरवरचा तपकिरी थर ही पहिली. खड्डे पडले आणि पापुद्रे सुटू लागले ही दुसरी. पत्रा आरपार गेला ही तिसरी. पहिली कोणीही घरी दुरुस्त करू शकतो. दुसरीला वेळ आणि धीर लागतो. तिसरीला कापणे आणि जोडणे आले.

इथे एक सीमा आखून घ्यावी. पद्मिनीसारख्या गाडीला ट्रक किंवा जीपसारखी वेगळी चेसी नसते. अंगच तिची चेसी असते. दाराखालची पोकळ पट्टी, सीट जिथे बोल्टने कसली जाते ती जागा, जॅक लावण्याची जागा आणि चाकांची पकड जिथे गाडीच्या अंगाला जोडलेली असते तो भाग, हे सगळे वजन पेलतात. हे भाग नवशिक्याने कापू नयेत. कापले तर दार बसेनासे होते, गाडी मधोमध लवते आणि अपघातात माणसाचा जीव जातो. ही कामे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. मडगार्ड, दाराची कड, डिकीचा तळ यांवर मात्र आपण हात बसवू शकतो.

आगीपासून सावध

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात, ऋण बाजूची आधी. पेट्रोलची टाकी सोडवून लांब ठेवावी. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ अधिक लवकर भडकते, आणि अशा टाकीवर वेल्डिंग तर कदापि करू नये. सीट, गालिचे, छताचे कापड, रबर, सगळे काढावे. आम्ही मागची सीट काढण्याचा कंटाळा केला. डिकीतली ठिणगी सीटमागच्या काथ्यात गेली आणि पाणी पिऊन येईपर्यंत धूर निघाला. बादली जवळ होती म्हणून निभावले. तेव्हापासून काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळ बसून राहायचे, असा नियम केला.

कपड्यांविषयी आम्ही अधिकाराने सांगू शकतो. टेरिकॉट, पॉलिस्टर घालून वेल्डिंग करू नये. सुती कापड जळले तर त्याची राख होते. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते आणि काढताना कातडीही निघते. जाड सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, ग्राइंडरला चष्मा आणि वेल्डिंगला काळी काच लागते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून घासावा आणि मुलांना लांब ठेवावे.

वरवरचा गंज

फोडाच्या चारी बाजूंनी चांगला, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग काढावा. किडलेल्या कापडाला रफू करताना धागा जसा शाबूत कापडात घ्यावा लागतो, तसेच हे आहे. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा कागद, मग १२० चा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांतच पुढचा गंज बसलेला असतो. त्यासाठी फॉस्फरिक ॲसिडचे गंज काढण्याचे औषध रंगाच्या दुकानात मिळते. ते लावावे, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबावे, पाण्याने धुवावे आणि लगेच पूर्ण सुकवावे. ॲसिड शिल्लक राहिले तर वरचा प्रायमर धरत नाही.

दुसरे औषध टॅनिनचे असते. ते गंजाशी मिळून काळा, घट्ट थर तयार करते. आम्हाला याचे नवल वाटले नाही. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंडाचे पाणी यांपासून कापडावर काळा रंग चढवण्याची रीत रंगारी पिढ्यानपिढ्या जाणतात. रसायन तेच आहे. मात्र हे औषध सुटा पापुद्रा काढल्यावरच लावावे. पापुद्र्यावर लावले तर तो पापुद्र्यासकट गळून पडते.

बिजागऱ्या, पट्ट्या, बोल्ट असे सुटे भाग विजेने साफ होतात. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यावा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार टाकाऊ लोखंडी सळईला लावावी. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. एका रात्रीत गंज सैल होतो. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, त्यातून विषारी वायू निघतो. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, पाणी विषारी होते. हे काम उघड्यावर करावे, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो. टबात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा.

भोक पडले असेल तर ठिगळ

इथे आमची पहिली चूक सांगतो. वडिलांच्या हयातीतच एका गॅरेजवाल्याने याच मडगार्डाचे भोक जाळी आणि लांबी भरून बुजवले होते. वरून काम आरशासारखे दिसत होते. दोन पावसाळ्यांत आतून सगळे सडले. लांबी मागच्या बाजूने ओल शोषते आणि पत्र्याला ओल्या फडक्यासारखी चिकटून राहते. भोकाचा इलाज लोखंडच आहे.

पत्रा सीआर घ्यावा, म्हणजे थंड लाटलेला. जुन्या गाड्यांना साधारण २० ते २२ गेज, म्हणजे सुमारे ०.९ ते ०.७ मिलिमीटर जाडी लागते. आपल्या गाडीचा शाबूत पत्रा मोजून तीच जाडी घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेला जीपी पत्रा वेल्डिंगला टाळावा, त्याच्या धुराने ताप भरतो.

सडलेला भाग शाबूत पत्र्यापर्यंत कापून काढावा. कोपरे काटकोनात ठेवू नयेत, गोल करावेत. शिंपी खिशाचे ठिगळ लावताना कोपरा सांभाळतो, कारण ताण तिथेच येतो. मग पुठ्ठ्याचा नमुना कापावा. आम्हाला साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा फुकट होता. नमुना भोकात बसेपर्यंत कात्री चालवावी, पुठ्ठा स्वस्त आहे. त्यावरून पत्रा कापावा. गोलाई आणायची असेल तर वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने हळूहळू ठोकावा. लोखंडी हातोडीने पत्रा ताणला जातो आणि नंतर बसत नाही.

ठिगळ वर चढवून जोडावे की कडेला कड लावून? चढवून जोडणे सोपे म्हणून आम्ही तसे केले. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरले आणि पुढच्या हिवाळ्यात ते ठिगळ परत कापून काढले. दिसणाऱ्या आणि भिजणाऱ्या जागी कडेला कड लावूनच जोडावे आणि मध्ये बारीकशी फट ठेवावी.

वेल्डिंगसाठी गेटवाल्याचे साधे आर्क मशीन चालत नाही. एवढ्या पातळ पत्र्याला त्याने भोकेच पडतात. गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते लागते. त्याची तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची घ्यावी. जुने उस्ताद गॅसनेही सुंदर जोडतात, पण ते नवशिक्याचे काम नाही. सीओटूने जोडतानाही सलग रेघ ओढू नये. आधी चार कोपऱ्यांना टाके घालावेत, आपल्या कच्च्या शिलाईसारखे. मग एक टाका इथे, पुढचा लांब तिथे, असे करत मधल्या जागा भराव्यात. प्रत्येक टाक्यानंतर पत्र्याला हात लावता येईल इतका गार होऊ द्यावा. घाई केली की उष्णतेने पत्रा फुगतो आणि वेडावाकडा होतो. वरून पाणी टाकू नये. आमच्या तळहाताएवढ्या ठिगळाला एक पूर्ण दुपार लागली. शेवटी आतून दिवा लावून पाहावे. उजेड आला तिथे पाणीही येणार.

मशीन विकत घेण्याची गरज नाही. कापणे, साफ करणे, ठिगळ तयार करणे ही वेळखाऊ कामे आपण करावीत आणि वेल्डरला मशीनसकट एका दिवसासाठी बोलवावे. तयारी पूर्ण असली तर तो एका दिवसात बरेच काही उरकतो, आणि त्याची मजुरी त्याला आनंदाने द्यावी.

रंगाचे थर

उघडा पत्रा एक रात्रही तसाच ठेवू नये. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लावावा. साधा करडा प्रायमर ओल आत जाऊ देतो, म्हणून गाडी नुसत्या प्रायमरवर पावसाळ्यात उभी करू नये. लांबी इपॉक्सीच्या वर लावावी आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ती जाड लावावी लागत असेल तर पत्र्याचे काम अपुरे राहिले आहे. मग १८०, ३२०, ४०० असे कागद चढत्या नंबरने वापरावेत. जोडांना सीलर भरावा.

शेवटच्या रंगाविषयी एक इशारा. हल्लीच्या टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, साधा मास्कही पुरत नाही. घरी फवारा मारू नये, योग्य सोय असलेल्या पेंटरकडे गाडी न्यावी. पेंटर बंधूंनीही हे मनावर घ्यावे. रोजच्या रोज हा वास घेणारे तेच आहेत.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने एनसी रंग दुधाळतो. एप्रिल-मेच्या उन्हात रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो.

रंगाआधीचे आणि नंतरचे एक काम लोक विसरतात. पोकळ जागांमध्ये, म्हणजे दारांच्या आत आणि दाराखालच्या पट्टीत, मेणाचा फवारा मारावा. जळके इंजिन ऑइल ओतण्याची जुनी रीत सोडावी. त्यात आम्ले असतात आणि ते जमिनीत झिरपते. पाणी जाण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत. मेण मारल्यावर ती पुन्हा एकदा पाहावीत.

कागदपत्रे

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आमच्या गाडीची पन्नाशी २०२८ ची. पण तिने बाजाराला जावे अशीच आमची इच्छा असल्यामुळे तो मार्ग आमचा नाही.

कारागिरांशी दोन शब्द

डिकीचा तळ आम्ही केला, पण दाराखालची पट्टी पेडगावच्याच एका म्हाताऱ्या डेंटर उस्तादांनी बदलून दिली. कापण्यापूर्वी त्यांनी दाराच्या चौकटीत सळया जोडून गाडीचे अंग जखडून टाकले. हे आम्हाला सुचले नसते. नजर अधू झाली आहे, पण पत्र्यावर तळहात फिरवून ते उंचवटा सांगतात. त्यांचे शागिर्द पुण्यात गेले. तिथे गंजलेला भाग दुरुस्त करीत नाहीत, बदलतात. पद्मिनीचा नवा भाग आता कारखान्यातून येत नाही. मुंबईत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता जो जुन्या गाड्या राखतो, त्याला हाताने पत्रा घडवणारा माणूसच हवा. असे गिऱ्हाईक थोडे आहे, पण ते घासाघीस करीत नाही आणि लांबून येते. ज्या तरुणांच्या घरात अजून असा उस्ताद आहे, त्यांनी दोन हिवाळे त्याच्याजवळ बसावे.

व्यापारी बंधूंना एवढेच सांगणे आहे की जुनी गाडी विकताना लांबीखालचे भोक सांगून विकावे. थानाच्या वरच्या घडीला चांगला माल आणि आत डागी, असा धंदा करणाऱ्याचे दुकान बाजारात किती दिवस चालते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दाराखालची पट्टी सडलेली आहे हे घेणाऱ्याला माहीत नसेल, तर त्याची मुलेबाळे त्या गाडीत बसणार आहेत.

परवा सेलूला गाठी घेऊन गेलो. भाऊ शेजारी बसला होता. परत आल्यावर तो काही बोलला नाही. फडके घेऊन त्याने डिकीचा तळ पुसला आणि कोपऱ्यातले छिद्र मोकळे आहे की नाही ते वाकून पाहिले.